हुकूमशाहीतलं गाव, हरवलेलं घर आणि भाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, भाताच्या आणि रताळ्यांच्या शिवारात आहे. संध्याकाळी डेअरीला दूध घालून झालं की देवळाच्या सभामंडपात आम्ही दहा-बारा जण पुस्तक घेऊन बसतो. गेले बरेच महिने आम्ही एकाच तऱ्हेची पुस्तकं वाचतोय. त्यांत खेड्यातलं लहानपण असतं, घर किंवा माणसं हरवलेली असतात आणि आजूबाजूला अशी राजवट असते की शब्दही जपून वापरावा लागतो. खानापूर, निपाणी, चंदगडकडून त्याबद्दल फोनवर प्रश्न येत राहतात आणि बरेचसे तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

लांबच्या देशातल्या खेड्यांवरची पुस्तकं आम्ही कशाला वाचायची? आमच्या गावाची दुःखं काय कमी आहेत?

कमी नाहीत. पण ही पुस्तकं आपल्याला इतरांपेक्षा जास्त लवकर कळतात, असं मला मनापासून वाटतं. आपण घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरीच. एका वस्तूला दोन नावं असतात हे आपल्या पोराला शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. शब्द बदलला की वस्तूही थोडी बदलते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगावं लागतं. आपण ते रोज जगतो. या पुस्तकांचं मर्म नेमकं तिथंच आहे.

सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करावी?

आधी आपल्या हद्दीतली दोन वाचा. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' आणि आनंद यादवांचं 'झोंबी'. 'वनवास'मधला लंपन आईबापांपासून दूर, आजी-आजोबांकडं वाढतो. त्याच्या आसपासच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं आहे, आणि ती मराठी आपल्याला आपल्याच गल्लीतून आल्यासारखी वाटते. 'झोंबी' तर निपाणीच्या पलीकडच्या कागलचं. शाळेसाठी बापाशी झुंजणारं पोर त्यात आहे. या दोन्हींत हुकूमशाही नाही, पण खेड्यातलं लहानपण कसं पाहायचं आणि कसं सांगायचं, याची नजर तिथं तयार होते.

मग रोमानियात जन्मलेल्या, जर्मनमध्ये लिहिणाऱ्या हेर्टा म्युलर यांचं 'नादिर्स' घ्या. त्या छोट्या कथा आहेत, एका बैठकीत एक होते. त्यांची कादंबरी 'द लँड ऑफ ग्रीन प्लम्स' त्यानंतर. हंगेरीतल्या आगोता क्रिस्टोफ यांचं 'द नोटबुक' बारीक आहे म्हणून बरेच जण आधी उचलतात. ते सगळ्यात शेवटी ठेवा. कारण मुलांबद्दलच्या प्रश्नाखाली दिलंय.

इंग्रजी जड जातंय. अनुवादावरच वाचायचं तर मजा राहते का?

आम्ही असं करतो : दोघं-तिघं घरी इंग्रजीतून चार-पाच पानं वाचून येतात आणि सभामंडपात ती मराठीत सांगतात. लिहून आणायचं नाही, तोंडानं सांगायचं. अडलेल्या शब्दावर सगळे मिळून तोड काढतात. एका संध्याकाळी कधी दोनच पानं होतात. होऊ देत. पानं किती झाली हे आम्ही मोजत नाही.

हेर्टा म्युलर जर्मन की रोमानियन? दर वेळी वेगळं ऐकायला मिळतं.

त्यांचा जन्म 1953 चा, रोमानियातल्या बानात भागातल्या निट्स्कीडॉर्फ या खेड्यातला. हाब्सबर्ग राजवटीनं अठराव्या शतकात तिथं जर्मन शेतकरी वसवले होते, त्यांचं हे गाव. देश रोमानिया, घरची भाषा जर्मन आणि तीही गावाकडची बोली. शाळेतली प्रमाण जर्मन निराळी. रोमानियन भाषा त्या शिकल्या पंधराव्या वर्षी, शिक्षणासाठी तिमिश्वारा शहरात गेल्यावर. म्हणजे नागरिक एका देशाच्या आणि लेखक दुसऱ्या भाषेच्या. बेळगावच्या माणसाला यात अवघड काहीच वाटू नये.

पुढं एका यंत्रांच्या कारखान्यात त्या भाषांतराचं काम करत. गुप्त पोलिसांसाठी, म्हणजे 'सेक्युरिताते'साठी, खबरी व्हायला नकार दिला म्हणून नोकरी गेली. पहिलं पुस्तक 1982 मध्ये बुखारेस्टला निघालं ते कात्री लागून. 1987 मध्ये त्यांनी देश सोडला आणि 2009 मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.

हुकूमशाहीत भाषेचं नेमकं काय होतं? बंदी घालतात का?

कधी सरळ बंदी असते. तुर्कस्तानात 1983 च्या कायद्यानं कुर्दी भाषेची गळचेपी केली, तो कायदा 1991 पर्यंत होता. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये कॅटलान आणि बास्क भाषांना शाळा-कचेऱ्यांतून हुसकून लावलं होतं.

कधी बंदीऐवजी लाज वापरतात. न्गुगी वा थिओंगो यांनी केनियातल्या, इंग्रजांच्या अमलातल्या आपल्या शाळेबद्दल लिहिलंय. एका पोराच्या हातात बटण दिलं जाई. शाळेच्या आवारात कुणी गिकुयू, म्हणजे घरची भाषा, बोलताना सापडला की बटण त्याच्या हातात द्यायचं. संध्याकाळी ज्याच्याकडं बटण, त्यानं आपल्याला ते कुणी दिलं हे सांगायचं, त्यानं त्याच्या आधीच्याचं नाव घ्यायचं. अशी दिवसभरातली सगळी पोरं सापडत. मग छडी, नाहीतर 'मी गाढव आहे' अशी पाटी गळ्यात. मला छडीपेक्षा बटण भयंकर वाटतं, कारण त्यानं पोरं एकमेकांवर नजर ठेवायला शिकतात.

तेच न्गुगी मोठे होऊन लेखक झाले. 1977 मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरीही आली आणि शेतकरी-कामगारांबरोबर केलेलं गिकुयू नाटकही. त्यांना उचललं ते नाटकानंतर. वर्षभर खटला न चालवता तुरुंगात ठेवलं. तिथं शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. इंग्रजी थोड्यांनाच कळत होती. नाटक कळत होतं सगळ्या गावाला.

रोमानियात तिसरीच तऱ्हा होती. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू 1965 पासून 1989 पर्यंत सत्तेवर होता. 1983 च्या हुकमानं ज्याच्या घरी टाइपरायटर असेल त्यानं तो पोलिसांकडं नोंदवायचा आणि त्याच्या टायपांचा नमुना द्यायचा, म्हणजे एखादं पत्रक सापडलं की ते कुठल्या घरातून निघालं हे कळे. भाषा तीच राहते, पण अक्षरागणिक माणूस सापडू शकतो.

'ग्रीन प्लम्स'मध्ये पत्रात नेलकटर आणि सर्दीबद्दल का लिहितात? आम्हाला काही लागलंच नाही.

ते मित्र पांगतात तेव्हा ठरवून घेतात. पत्रं फोडून वाचली जातात हे माहीत असतं. म्हणून नखं कापायच्या कात्रीचा उल्लेख आला की चौकशी झाली, बुटांचा आला की झडती झाली, सर्दी झाली म्हटलं की पाळत आहे. मायन्यानंतर उद्गारचिन्ह ठेवायचं, आणि जिवाला धमकी असेल तर नुसता स्वल्पविराम. पाकिटात एक केस घालायचा. तो पोचला नाही तर पत्र उघडलं गेलं.

हे कळल्यावर ती पानं पुन्हा वाचा. आमच्यातल्या एका आजोबांनी स्वल्पविरामाची गोष्ट ऐकली आणि बराच वेळ ते पुस्तकातल्या त्या खुणेवर बोट ठेवून बसले होते.

हिरव्या प्लमचंही तसंच. कच्चं फळ खाल्लं की ताप भरून माणूस मरतो, असं लहानपणी बाप सांगतो. पुढं शहरात तेच हिरवे प्लम पहारेकरी खिसे भरभरून खाताना दिसतात. आपल्याकडं कच्ची करवंदं खाऊ नको म्हणून सांगतात ते आठवा, आणि मग खाकीतला माणूस तीच ओरबाडून खातोय असं डोळ्यांपुढं आणा.

वाक्यं तुटक आहेत, गोष्ट पुढं सरकत नाही. आमचं काही चुकतंय का?

नाही. घटना शोधत वाचलं तर हाताला काही लागत नाही. शब्द शोधत वाचा, आणि मोठ्यानं वाचा.

एक नमुना सांगतो, यावर आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. म्युलर यांनी एका निबंधात वाऱ्याबद्दल लिहिलंय. त्यांच्या गावच्या बोलीत वारा 'जातो'. शाळेतल्या प्रमाण जर्मनमध्ये तो 'वाहतो', पण त्या क्रियापदाचा आवाज दुखण्याच्या शब्दासारखा आहे. रोमानियनमध्ये वारा 'मारतो'. थांबताना जर्मन वारा आडवा होतो आणि रोमानियन वारा उभा राहतो.

हे ऐकून मागं बसलेल्या आक्का म्हणाल्या, "मग आपला वारा सुटतोय की!" खरंच. आपला वारा दावं तोडलेल्या वासरागत सुटतो, आणि थांबतो तेव्हा पडतो. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतले कन्नड मास्तर म्हणाले, आमच्यात 'गाळी बीसतैति'. 'बीसु' म्हणजे वाऱ्याचं वाहणं, आणि जात्यावर दळणं हेही 'बीसु'च, म्हणून जात्याला 'बीसुकल्ल'. त्या संध्याकाळी बाहेर खरोखर पावसाळी वारा होता आणि पत्र्याचा आवाज येत होता. सगळे जरा वेळ गप्प बसून ऐकत राहिले. मला तो सुटलेला वाटला, मास्तरांना दळत असलेला.

ही पुस्तकं अशी वाचायची असतात.

सांगणारी मुलगी आहे. मराठीत सांगताना 'मी गेले' म्हणायचं की आपलं 'मी गेलो'?

हा प्रश्न आमच्यातूनच निघाला आणि मला सगळ्यांत आवडता आहे. बेळगावकडच्या बऱ्याच बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. शाळेत गेल्यावर बाई 'आले, जाते' करून घेतात. 'नादिर्स'मधली मुलगी आपल्या गावाबद्दल सांगते. इंग्रजीत आणि जर्मनमध्येही 'मी'च्या क्रियापदाला लिंग नसतं, म्हणून तिथं प्रश्नच येत नाही. मराठीत सांगणाऱ्याला पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं.

आक्कांनी सांगितलं तेव्हा ती मुलगी 'गेलो' म्हणत होती. कॉलेजात जाणारी एक पोरगी म्हणाली, मग कळणार कसं मुलगी आहे ते? आक्का म्हणाल्या, "मी बोलूलालोय तवा तुला कळत न्हाई होय, मी बाई हाय ते?" त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं.

माझं मत 'गेलो'च्या बाजूचं आहे. म्युलर यांच्या गावच्या बोलीवर शाळेतली जर्मन बसली, तशी आपल्या बोलीवर छापील मराठी बसलीय. गावाबद्दल सांगणारी पोर गावच्या बोलीतच सांगू दे. शहरातली प्रकरणं सांगताना मात्र 'गेले' करून बघा. पोर शहरात गेली हे क्रियापदातूनच कळतं. त्याच निबंधात म्युलर यांनी लिलीचं फूल सांगितलंय. जर्मनमध्ये ते स्त्रीलिंगी आणि रोमानियनमध्ये पुल्लिंगी, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्याच्या डोळ्यांपुढं दोन्ही एकदम उभं राहतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला असं लिंगच नसतं, सगळं 'अदु'. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या पोरांना विचारा, खुर्ची बाई आहे का. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

या पुस्तकांत कुणी रडत नाही, तरी वाचताना गळा का दाटतो?

दुःख वस्तूंत ठेवलेलं असतं म्हणून. म्युलर यांचं नोबेलचं भाषण रुमालावर आहे. लहानपणी रोज सकाळी फाटकाशी आई विचारायची, रुमाल आहे का? मुद्दाम न घेता निघायचं, मग आत जाऊन आणायचा. आई प्रेमाचं दुसरं काही बोलत नसे, एवढंच. कारखान्यात त्यांचं टेबल काढून घेतलं तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर रुमाल पसरून त्यावर बसल्या आणि काम करत राहिल्या. आईला एकदा गावच्या पोलिसानं दिवसभर कचेरीत कोंडलं. आधी ती रडली, मग त्याच ओल्या रुमालानं तिनं तिथलं टेबल-कपाट पुसून काढलं.

आमच्या घरात रुमालाला दस्ती म्हणतात. माझी आई विचारायची, "दस्ती घेटलास?" आई जाऊन सात वर्षं झाली. हा उतारा सांगताना मी 'रुमाल' म्हणून सुरुवात केली होती आणि मध्येच तोंडातून 'दस्ती' आलं. पुढचं दुसऱ्याला सांगावं लागलं.

म्युलर यांचं 'द हंगर एंजल' सत्यकथा आहे का?

कादंबरी आहे, पण पाया खरा. 1945 च्या जानेवारीत रोमानियातल्या जर्मनभाषक तरुण स्त्री-पुरुषांना सोव्हिएत छावण्यांत सक्तमजुरीला नेलं. म्युलर यांच्या आईनं तिथं पाच वर्षं काढली, पण घरात ती त्याबद्दल फारसं बोलत नसे. कवी ओस्कार पास्टिओर यांनी स्वतःच्या छावणीतल्या आठवणी म्युलर यांना सांगितल्या. दोघं मिळून लिहिणार होते, 2006 मध्ये ते वारले, मग म्युलर यांनी एकट्यानं लिहिलं. त्यात हिशेब आहे : कोळशाचं एक फावडं म्हणजे एक ग्रॅम पाव. मजुरीवर गेलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

पण म्युलर यांचे वडील तर हिटलरच्या एसएस पथकात होते म्हणे. मग त्या गावाबद्दल हळहळ कशाला?

होते, आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. या पुस्तकांची ताकद तिथंच आहे. गावावर अन्याय झाला आणि गावानंही केला, दोन्ही एकाच घरात. गावाला हे आवडलं नाही. आपल्याच लोकांना बदनाम करते म्हणून बानातच्या जर्मनांनी त्यांच्यावर झोड उठवली. एकीकडून गुप्त पोलीस, दुसरीकडून गाववाले.

हळहळ करा अशी सक्ती नाही. पण गाव सोसतं म्हणून गाव निर्दोष, असं मानून वाचू नका. आपल्या गावातही पाणवठा कुणासाठी कुठं होता, हे म्हाताऱ्या माणसांना विचारलं की कळतं.

शाळेतल्या मुलांना ही पुस्तकं द्यावीत का?

'वनवास' जरूर द्या, 'झोंबी' आठवी-नववीनंतर. 'नादिर्स'मधल्या निवडक कथा तुम्ही स्वतः वाचून सांगा. 'द नोटबुक' देऊ नका. त्यातली जुळी मुलं लहान आहेत, पण पुस्तक मुलांचं नाही. युद्धातली क्रूरता आणि लैंगिक प्रसंग त्यात उघडेवाघडे येतात. अठरा वर्षांपुढच्यांनी वाचावं, आणि एकट्यानं नको.

'द नोटबुक' इतकं कोरडं का? भावनाच नाहीत.

त्या जुळ्यांनी वहीत लिहायचा नियमच तसा केलाय : जे घडलं तेवढंच लिहायचं, मनाला काय वाटलं ते लिहायचं नाही. शिवाय क्रिस्टोफ यांनी ते परक्या भाषेत लिहिलं. जन्म 1935 चा, हंगेरीतला. नवव्या वर्षी त्या सीमेवरच्या कोसेग गावात आल्या, तिथं बरेच लोक जर्मन बोलत. मग शाळेत रशियन सक्तीची झाली. 1956 मध्ये चार महिन्यांची मुलगी घेऊन, नवऱ्याबरोबर त्या रात्री पायी सीमेपलीकडं गेल्या. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या कारखान्यात काम केलं आणि फ्रेंच शिकल्या. 1986 मध्ये हे पुस्तक फ्रेंचमध्येच आलं. पण फ्रेंचला त्या शत्रूभाषा म्हणत, कारण ती त्यांची मायबोली मारत होती. मोजकेच शब्द हाताशी असलेल्या माणसाची ही वाक्यं आहेत.

आपल्याकडं हुकूमशाहीत लेखक गप्प बसले का?

आणीबाणी 25 जून 1975 ला लागली आणि मार्च 1977 पर्यंत राहिली. वर्तमानपत्रांवर छापण्याआधी तपासणी होती. 1975 मध्येच कराडला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष दुर्गा भागवत. त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याबद्दल स्पष्ट बोलल्या. पुढं त्यांना अटक झाली. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं अजून दुर्गाबाईंचं नाव उभं राहून घेतात.

हे सगळं आपल्या सीमाप्रश्नासारखंच आहे की! तुम्ही तसं स्पष्ट का म्हणत नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, कधी रागानंही येतो. म्हणून नीट सांगतो.

1956 पासून इथली माणसं काय सोसत आलीत ते मला घरातूनच माहीत आहे. आजोबांच्या शेताची पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखा उतारा, कन्नडमध्ये यायची. ज्या तुकड्यात त्यांनी आयुष्यभर भात लावला, त्याचं कागदावरचं नाव त्यांना वाचता येत नव्हतं. कागद उलटा धरला तरी त्यांना कळलं नसतं. ती लाज मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलीय. मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे, हे मी कुठंही उभा राहून सांगेन. महाराष्ट्राचा 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याबद्दल माझं मतही सगळ्यांना ठाऊक आहे.

पण आजोबा मोर्चाला जात, घरी येत, दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात स्वतःचा फोटो शोधत. मतं देत, निवडून आलेल्याला शिव्या देत. म्युलर यांच्या मित्रांना यातलं काहीच करता येत नव्हतं. दोन्ही सारखंच म्हटलं तर त्या माणसांच्या स्वल्पविरामाची किंमत आपण कमी करतो, आणि आपलं खरं दुखणंही कुणी ऐकत नाही. पुस्तकाचा फलक करू नका. आपल्या दुखण्याचं पुस्तक आपणच लिहायचंय. ते पहाणीच्या कागदावरूनही लिहिता येईल.

आणि ती पहाणी आजोबांना कोण वाचून दाखवायचं? वरच्या वाऱ्याच्या गोष्टीत आलेले तेच मास्तर. वाचायचे, समजावायचे, चहा घेऊन जायचे.

म्हणजे कन्नड शेजाऱ्यांना वाचनाला बोलावलं तर चालेल?

बोलवाच. मास्तर नसते तर वारा दळतो हे आम्हाला कळलं नसतं. कन्नडचे थोर कवी बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलत, आणि आपले जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले, धारवाडात राहिले आणि मराठीत लिहीत राहिले. अट एकच : ज्याला ज्या भाषेत सुचेल त्यानं त्या भाषेत बोलायचं, शेजारच्यानं उलगडून सांगायचं.

माझ्या लहानपणाबद्दल लिहावंसं वाटतंय. कुठून सुरू करू?

एका वस्तूपासून. तिला तुमच्या घरात जे नाव होतं तेच लिहा, छापील नाव शोधू नका. आमच्यातल्या आक्कांनी परवा पहिल्यांदा लिहून आणलं, वहीचं दीड पान. सासरी येताना आईनं दिलेल्या अडकित्त्यावर. कन्नडमध्ये सुपारीला 'अडकी' म्हणतात, हे मास्तरांनी सांगितल्यावर त्यांनी शेवटची ओळ खोडली आणि पुन्हा लिहायला घेतलंय. पुढच्या गुरुवारी वाचणार आहेत.